आप्पासाहेबांचा हिरा

आमच्या दाजींचं नाव आप्पासाहेब. त्यातलं 'आप्पा' एवढंच आईबापांनी ठेवलेलं. 'साहेब' त्यांनी मागाहून स्वतःच चिकटवून घेतलं आणि लोकांच्या तोंडी बसेपर्यंत नेटानं वापरलं. कुणी नुसतं आप्पा म्हणून हाक मारली तर त्यांना ऐकू येत नसे.

मी त्यांचा मेहुणा, श्रीरामपूरला हायस्कुलात मास्तर. माझी थोरली बहीण रतनबाई, म्हणजे आमची अक्का, या माणसाला दिलेली. मला हा माणूस पहिल्यापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांची बाजू का घेत नाही असं कुणी विचारायला नको. घ्यायला बाजूच नाही.

खायला काही कमी होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. सोनईच्या शिवारात बागायत जमीन, विहिरीला बारमाही पाणी, ऊस कारखान्याला जायचा, बिल वेळेवर यायचं. पण आलेला पैसा हातातून सुटायचा नाही आणि मोठेपणा मात्र सगळ्या तालुक्यानं मान्य करायला हवा, असा सारा खाक्या. कोटाच्या खिशात भारी सिगारेटचा पत्र्याचा डबा, आत विड्या. मनगटावर घड्याळ, ते बंद. कुणी वेळ विचारली की, "तुमच्यात किती झालं?" असं उलट विचारून मान हलवायचे. रस्त्याकडच्या खिडकीत रेडिओ ठेवलेला, त्यात सेल नसायचे. पाहुणा आला की म्हणायचे, "आत्ताच बंद केला." मारुतीच्या देवळाला एकदा घंटा दिली. घंटा मुठीएवढी आणि तिच्यावर कोरलेलं नाव तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मुलाचं नाव श्रीमंत ठेवलं, कारण नाव ठेवायला खर्च येत नाही.

या श्रीमंताचं लग्न जमलं, त्याची ही गोष्ट. साल एकाहत्तर, माघ महिना.

मुलगी श्रीगोंद्याकडची, सहादेवराव म्हणून एका ऊसवाल्या बागायतदाराची. नाव दमयंती. मॅट्रिक झालेली, बोलायला मोजकी, समोरच्याकडं सरळ बघणारी. अशी मुलगी त्या घरात येते म्हटल्यावर मला खरंच आश्चर्य वाटलं होतं. श्रीमंत बी. ए. होऊन कारखान्याच्या ऑफिसात चिकटला होता. तो पोरगी बघून आला आणि दिवसभर भांग पाडत बसला. अक्काचा तर पाय जमिनीला लागेना. पंचवीस वर्षं त्या घरात तिच्याशी धड बोलणारं कुणी नव्हतं. सून आली की कुणीतरी येईल, एवढीच तिची आशा. हे लग्न व्हावं म्हणून ती देवाला काय काय बोलली होती ते तिलाच ठाऊक.

बैठकीत सहादेवरावांनी हात जोडून सांगितलं, "आमाला काय नको. दिऊ तेवढं गोड मानून घ्या, पोरीला सुखात ठिवा." कुणीही शहाणा माणूस इथं पान खाऊन उठला असता. पण ओसरीवर श्रीगोंद्याची चार वजनदार मंडळी बसली होती. त्यातल्या एकानं सहज विषय काढला की, त्याच्या पाहुण्यांत मागच्या साखरपुड्याला नवरीला हिऱ्याची अंगठी घातली. झालं. दाजींच्या मिशा हलल्या.

"मंग आमी काय कमी हाय व्हय? आमच्या सुनंलाबी हिऱ्याचीच आंगठी पडंल."

कुणी मागितली नव्हती. कुणी ऐकूनही फारसं घेतलं नव्हतं. परतीच्या एस.टी.त मात्र नगर यायच्या आतच दाजींनी माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, "हिरा केवढ्याला पडतो वो, मास्तर?"

घरी जाऊन त्यांनी आकडा ठरवला. सोनं, हिरा आणि घडणावळ धरून तीनशे रुपये, वर एक पै नाही. मग आम्ही चौघं, दाजी, अक्का, श्रीमंत आणि मी, नगरच्या सराफ बाजारात दत्तोपंत सराफांच्या पेढीवर गेलो. शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून मला घेतलं, असं दाजी म्हणाले. खरं म्हणजे तिकिटं आणि चहा माझ्याकडून निघावा म्हणून घेतलं होतं, आणि निघाला.

दत्तोपंतांनी गादीवर निळा कागद पसरला आणि बारीक पुड्या सोडायला सुरुवात केली. पहिला हिरा बाजरीच्या दाण्याएवढा. दाजींनी नाक मुरडलं.

"ह्यो दिसायचा कसा? लांबून कळाय पायजे, हिरा हाय म्हनून."

"किती लांबून?" मी विचारलं.

"मांडवाच्या दारातनं."

दुसरा त्याहून मोठा होता, पण पिवळसर. दत्तोपंत म्हणाले, "आत एक काळा ठिपका आहे. भिंगातूनच दिसतो, म्हणून तर स्वस्त." दाजींनी भिंग घेतलं, उलटं धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डागाचा नको. घरान्याचा प्रश्न हाय." मग दत्तोपंतांनी पांढरा पुष्कराज दाखवला. तो मोठा, स्वस्त आणि नवख्याला हिराच वाटेल असा. दाजींनी तो उचलून उन्हात फिरवला आणि काही न बोलता खाली ठेवला. त्या न बोलण्याचा अर्थ मला नंतर कळला.

शेवटी दत्तोपंतांनीच शहाणपणाची गोष्ट सांगितली. "आप्पासाहेब, तुमच्या रकमेत तो पहिला बारीक हिरा उत्तम बसतो. त्याला बंद कोंदण करू. चारी बाजूंनी सोनं आणि खड्याच्या मागं चमकीचा पातळ पत्रा. बारीक हिरासुद्धा भरल्यासारखा दिसतो. आणि कोंदणात एकदा बसला की पिढ्यान्‌पिढ्या हलायचा नाही."

अक्का पुढं सरकून म्हणाली, "पोरीच्या बारीक बोटाला लई शोभंल." श्रीमंतही म्हणाला, "ह्योच घेऊ, नाना." त्या दिवशी त्या पेढीवर एवढीच अक्कल खर्च झाली. नाना ऊर्फ आप्पासाहेबांनी दोघांकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा हिरा मागितला.

तो तुरीच्या डाळीएवढा होता. निळ्या कागदावर ठेवला आणि आम्ही सगळेच पुढं वाकलो. दत्तोपंतांनी किंमत सांगितली. दाजींनी बंद घड्याळाकडं पाहिलं.

दत्तोपंत मुरलेले व्यापारी. ते म्हणाले, "घाई नाही. हिरा सगळ्यांना लाभतोच असं नाही. रिवाजाप्रमाणं घरी न्या, देवापुढं ठेवा, रात्री उशाशी ठेवा. आठवडाभरात घरात काही वाईट घडलं नाही, मन प्रसन्न राहिलं, तर पैसे आणून द्या. नाहीतर हिरा परत करा, आमची तक्रार नाही. तोवर काहीतरी दागिना इथं ठेवून जा."

आपल्याकडं हिऱ्याच्या बाबतीत ही भीती आहेच. लाभला तर घर वर येतं, नाही लाभला तर माणसं जातात, म्हणून पारखल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही. मला हे थोतांड वाटतं, पण ते असो. दाजींचं तोंड मात्र गच्च भरलेल्या गाडीत खिडकीची जागा मिळावी तसं झालं.

"न्हेतो," ते म्हणाले. "पर आंगठीत बसवून द्या. सुटा खडा उशाखाली हरपायचा. आन्‌ त्ये कोंदण का काय, त्ये नको. दुसरं काय हाय?"

दत्तोपंतांनी चार बारीक नख्यांची अंगठी दाखवली. खडा उघडा राहतो, वरून नख्या त्याला धरून ठेवतात.

"पुढं खडा काढायचा झाला तर?"

"नख्या उचलल्या की निघतो."

"मंग तसलीच. आन्‌ जरा सैल करा."

दागिना म्हणून अक्काच्या पाटल्या ठेवल्या. त्या आमच्या आईनं लग्नात घातलेल्या. अक्कानं त्या तिथंच ओढून काढल्या, मनगट लालबुंद झालं. दाजी तेव्हा दत्तोपंतांना स्वतःच्या घंटेची गोष्ट सांगत होते.

परतीच्या गाडीत त्यांनी बेत उघडा केला. साखरपुडा आठवड्याच्या आतच होता. त्या दिवशी मोठा हिरा पोरीच्या बोटात घालायचा, सगळ्या श्रीगोंद्याला दाखवायचा. मग अंगठी सैल होते, घट्ट करून आणतो, असं सांगून काढून घ्यायची. दत्तोपंतांना हिरा लाभला नाही म्हणून परत द्यायचा, पाटल्या सोडवायच्या आणि त्या नख्यांत पांढरा पुष्कराज बसवून अंगठी पोरीला पाठवून द्यायची. हिरा पाहिला सगळ्यांनी आणि पैसा गेला पुष्कराजाचा. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूष झाले की त्यांनी मला चक्क एक विडी देऊ केली.

मी गाडीतच आवाज चढवला. सुनेला पहिला दागिना घालायचा आणि तोच खोटा? लोक वळून बघायला लागले. श्रीमंत खिडकीशी बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी तिच्या बोटात मागनं पुष्कराज ऱ्हाईल?"

"कुनाला कळतंय?" दाजी म्हणाले.

"बरं," श्रीमंत म्हणाला आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

मी म्हणालो, सहादेवरावांना जाऊन सांगतो. तेव्हा अक्कानं माझा हात धरला. "येवढं लगीन हू दे रं बाबा. मंग काय बोलायचं ते बोल त्यांस्नी." तिच्या रिकाम्या मनगटाकडं बघून मी गप्प बसलो. तिच्यासाठी बसलो, त्या माणसासाठी नव्हे.

साखरपुडा सहादेवरावांच्या दारात झाला. दाजींनी अंगठी ताटात ठेवून बायकांच्या, पुरुषांच्या, पार जनावरांच्या गोठ्याकडं उभ्या असलेल्या माणसांच्या समोरून फिरवली. हिरा खराच देखणा होता, त्याचा काही दोष नव्हता. श्रीमंतानं दमयंतीचं बोट धरून अंगठी घातली. ती जरा लाजली, मग त्याच्याकडं पाहून बारीकशी हसली. अक्काच्या डोळ्यांना पदर लागला. मांडवाच्या दारातूनही दिसत असणार, कारण दाजी मुद्दाम तिथं जाऊन पाहून आले.

जेवणं झाल्यावर त्यांनी ठरलेलं काढलं. "सहादेवराव, आंगठी जरा ढिली झाली. द्या, नगरातनं घट्ट करून धाडतो."

सहादेवराव मुलीला हाक मारणार, तेवढ्यात त्यांची आई, गोजरबाई, उंबऱ्यातून म्हणाली, "थांब. हिरा हाय न्हवं त्यो? मंग लाभतो का बघाय नको?"

"आमी बघितला की, आत्याबाई. उशाखाली ठिवला हुता."

"उशी तुमची, बोट हिचं. हिला लाभाय पायजे. आता लग्नापतूर काढायचा न्हाई." म्हातारीनं पांढरा दोरा मागवला, अंगठीला आतून घट्ट गुंडाळला आणि ती दमयंतीच्या बोटात दाबून बसवली. "झाली का न्हाई घट्ट? नगर कशाला पायजे?"

सगळी बैठक हसली. दाजीही हसले, पण त्यांचं हसू गाडी सुटलेल्या माणसासारखं होतं.

दत्तोपंतांची मुदत संपत आली. आता दोन सरळ वाटा होत्या. उसाचं बिल बँकेत पडलं होतं, ते काढून हिऱ्याचे पैसे द्यावेत. नाहीतर सहादेवरावांकडं जाऊन खरं सांगावं. या दोन्ही वाटांवर आमच्या दाजींनी जन्मात पाय टाकला नव्हता. त्यांनी विहिरीवरचा गडी भिमाजी याला निरोप देऊन पाठवला. निरोप काय द्यायचा हे त्याच्याकडून घोकून घेतलं.

"हिऱ्याचं नाव काढू नको. हिरा म्हनला की ती थेरडी पुना सुरू हुईल. निस्तं म्हन, लाभली न्हाई, आंगठी माघारी द्या, आमी दुसरी करू."

लाभला नाही म्हटलं असतं तर हिरा म्हणून लोकांनी समजून घेतलं असतं. पण हिऱ्याचं नाव काढायचं नव्हतं, म्हणून बोलणं सगळं अंगठीवर आलं आणि अंगठी पडली बाईमाणूस. आपल्याकडं म्हैस लाभते, विहीर लाभते, तशी सूनही लाभते किंवा लाभत नाही. आणि दुसरी करणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भिमाजी बिचारा सरळ माणूस. भर अंगणात, चार माणसांसमोर उभा राहून त्यानं निरोप सांगितला, तो असा:

"आप्पासाहेब म्हनत्यात, लाभली न्हाई. आमी दुसरी करनार हाय. आंगठी तेवढी माघारी द्या."

भिमाजी परत आला तो गाठोडं घेऊन. त्यात अंगठी होती, साखरपुड्याची साडी होती, ओटीचा नारळ होता आणि साखरेचा पुडासुद्धा होता. "लई रडारड झाली तिथं," तो म्हणाला. "मला काय उमजलं न्हाई." अक्कानं साडी पाहिली आणि ती जागच्या जागी खाली बसली. दाजींनी गाठोड्यातून अंगठी तेवढी उचलली, दोरा काढून फेकला आणि नगरची गाडी धरली.

अक्कानं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर मला सांगावा धाडला. मी सोनईला पोचलो तेव्हा दाजी नगरहून परत आले होते. पाटल्या अक्काच्या ओच्यात टाकून म्हणत होते, "घे. एक पैचा तोटा न्हाई."

त्यांनी काय करून ठेवलं ते मी त्यांना सांगितलं, दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांना ते कळलंच नाही. मग म्हणाले, "गैरसमज झाला. तुमी मास्तर हाय, जाऊन समजावून सांगा."

"तुम्ही चला."

"मी गेलो तर माज्या शब्दाला काय किंमत ऱ्हाईल?"

श्रीमंत म्हणाला, "मामा, मी येऊ का?" पण तो बसल्या जागेवरून उठला नाही. मी एकटाच निघालो.

सहादेवरावांच्या घरात मयत झाल्यासारखी शांतता होती. शेजारी हळदीकुंकू चाललं होतं आणि या घरच्या बायकांना बोलावणं आलं नव्हतं. साखरपुडा होऊन मोडलेली, सासऱ्याला न लाभलेली मुलगी कुणाला दारात नको होती. दोन दिवसांत एका माणसाच्या कंजूषपणानं त्या पोरीला अवलक्षणी करून टाकलं होतं. मला इतका संताप आला की मी पाणीसुद्धा न घेता बोलायला सुरुवात केली.

"लाभली नाही म्हणजे अंगठी. मुलगी नव्हे. मुलीबद्दल कुणी एक शब्द बोललेलं नाही."

सहादेवरावांच्या तोंडावर एकदम उजेड आला. मग त्यांनी विचारलं, "पर आंगठी का लाभली न्हाई?"

इथं खोटं बोलायला जागा होती. म्हैस मेली, माणूस पडलं, काहीही सांगता आलं असतं. पण मग ती अपशकुनी अंगठी त्याच पोरीच्या बोटात होती, असं झालं असतं. मी खरं सांगितलं. उधारीचा हिरा, नख्या, पुष्कराज, निरोप, सगळं सांगितलं, आणि शेजारच्या हळदीकुंकवाच्या बायकांना भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. शाळेत शिकवून कमावलेला आवाज तेवढा कामाला आला.

गोजरबाईनं दाजींच्या सात पिढ्या काढल्या. त्यात मला एकही शब्द जास्तीचा वाटला नाही. सहादेवराव मात्र माझ्यासमोर येऊन बसले.

"हिरा मागितला कुनी हुता, मास्तर? तांब्याचं वळं घातलं आसतं तरी आमी पोरगी दिली आसती." मग ते हळूच म्हणाले, "जाऊ द्या. बाप बापाच्या ठिकानी. पोरगं तर गुनाचं हाय. लगीन मोडायचं न्हाई आपल्याला."

माझा जीव भांड्यात पडला. अक्काला जाऊन काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागलो. एवढ्यात दमयंती माजघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, त्यांना ठावं हुतं का?"

कुणाला ते विचारायची गरज नव्हती. मला अक्काचं तोंड दिसलं. मी म्हणालो, "होतं."

"कवापासनं?"

"नगरहून परत येतानाच्या गाडीपासून."

तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. "म्हंजी माजं बोट धरलं, तवा ठावं हुतं."

मी मान डोलावली. ती वडलांकडं वळली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "दादा, मला न्हाई करायचं ह्ये लगीन. आन्‌ मामांना जेवल्याबिगर जाऊ दिऊ नका." एवढं बोलून ती आत गेली आणि थोड्या वेळानं तिनंच ताट वाढून पाठवलं. मी जेवलो. त्या घरातलं अन्न नाकारण्याची माझी लायकी नव्हती.

सोनईला आलो तेव्हा दाजी ओट्यावर बसले होते, समोर वाटेवरची दोन माणसं चहाची वाट बघत होती. अक्का दाराआड उभी होती. मी कुणाला आडोसा न ठेवता सांगितलं की लग्न मोडलं, सहादेवरावांनी नाही, मुलीनं मोडलं, आणि का मोडलं तेही सांगितलं. अक्का आत निघून गेली. श्रीमंत विहिरीकडं गेला.

आप्पासाहेबांनी त्या दोन माणसांकडं एकदा पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "पर हिरा खरा हुता, ह्ये तरी सांगितलं न्हवं त्यांस्नी?"